लिकियांगचं स्पेलिंग

बाबा,

तुम्हाला चीनचा व्हिजा कोणी नाकारला नव्हता. तुमचा अर्ज लंडनला गेलाच नव्हता. इथे इंग्लंडात, रीडिंगमधल्या माझ्या ऑफिसच्या टेबलाखालच्या ड्रॉवरमध्ये तो तुमच्या पासपोर्टासकट तीन आठवडे पडून होता, आणि रोज संध्याकाळी निघताना मी त्या ड्रॉवरला कुलूप लावत होतो. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की हे सांगून तुमचं काही बिघडणार नाही. माझंही फारसं बिघडणार नाही. म्हणूनच बहुधा आज लिहायला जमतंय.

तुम्ही कराडच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवलात. शाळेच्या फाटकाच्या आत मी तुम्हाला ‘सर’ म्हणायचं आणि फाटकाबाहेर ‘बाबा’, हा नियमही तुमचाच. महाराष्ट्राबाहेर तुम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण शिकवायला उभे राहिलात की तुम्ही नुकतेच कुठून तरी फिरून आलाय असं वाटायचं. चीनच्या धड्यात युन्नान प्रांतावर जेमतेम चार ओळी होत्या: पठारी प्रदेश, कथिलाच्या खाणी, तंबाखू, चहा. त्या चार ओळींना तुम्ही तीन तास घ्यायचात. कर्कवृत्त काढायला लागायचात ते कच्छपासून; मध्य प्रदेश, बंगाल, ब्रह्मदेश ओलांडत फळा संपून खडू भिंतीवर जायचा, आणि तिथे भिंतीवर तुमचं युन्नान असायचं. मग डाव्या हाताची तीन बोटं जुळवून उभी धरायचात. “तिबेटातून तीन नद्या उतरतात, अशा, एकमेकींना खेटून. मधे फक्त डोंगर. सालवीन गेली ब्रह्मदेशात. मेकाँग गेली लाओसकडे. आणि ही तिसरी, यांगत्से, हीसुद्धा दोघींबरोबर दक्षिणेलाच निघालेली असते. पण एका गावापाशी काय होतं कोण जाणे, ती उलटी फिरते. उत्तरेला. तिथून मग सगळ्या चीनच्या पोटातून समुद्रापर्यंत.” ते तिसरं बोट तुम्ही असं वाकवायचात की अख्खा वर्ग आपापलं बोट वाकवून बघायचा. मीही बघायचो. तुमच्यासारखा शिक्षक मला पुन्हा मिळाला नाही, हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे लिहायला जागा राहणार नाही.

नववीत मी शाळेच्या प्रदर्शनासाठी युन्नानचा नकाशा काढला. तुम्हाला न सांगता, पंधरा दिवस खपून. आईने कार्डशीटच्या कडांना कापडी पट्टी शिवून दिली होती. कथिलाला करडा ठिपका, तंबाखूला पिवळं पान, चहाला हिरवं, नद्या निळ्या शाईने. आणि त्या नादात मी तिन्ही नद्या खाली सोडून दिल्या. तिसरं बोट वाकवायचं राहिलं.

तुम्ही मला व्यासपीठावर बोलावलंत. नकाशा बराच वेळ बघितलात. मला वाटलं, आवडला.

“ही कोणती नदी?”

“यांगत्से, सर.”

“कुठे चाललीय?”

मी नकाशाकडे बघितलं. “खाली, सर.”

“खाली म्हणजे? व्हिएतनामला? कोणाकडे पाहुणी म्हणून?”

वर्ग हसला. तुम्ही रागावला नव्हतात, हेच मला आजही समजत नाही. तुम्ही टेबलावरची फूटपट्टी घेतलीत, नकाशावर नदीच्या रेघेला लावलीत आणि सावकाश, कडा खराब होणार नाहीत अशा बेताने, तो उभा फाडलात. दोन तुकड्यांना भोकं पाडून सुतळी ओवलीत आणि माझ्या गळ्यात घातलीत. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाच्या दारात जाऊन मी म्हणायचं होतं, ‘माझी नदी चुकली आहे.’ मी अकरा दारांत म्हटलं. पाचवीच्या मुलांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दहावीच्या मुलांनी मला वर्षभर ‘यांगत्से’ म्हणून हाक मारली.

संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखे जेवलात. आमटीला मीठ कमी आहे म्हणालात. आईने विचारलं, “पोराला एवढं करायची काय गरज होती?” तर तुम्ही म्हणालात, “मास्तरचा मुलगा म्हणून सोडून दिलं, असं उद्या कोणी म्हणायला नको.” आई उठून आत गेली. मी तुमच्यासमोर बसून माझं ताट संपवलं, कारण ताटात टाकलेलं तुम्हाला चालायचं नाही.

आता रीडिंगचं. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी तुम्हाला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. गावाच्या कडेला अर्लीमधलं आमचं छोटं सेमी-डिटॅच्ड घर, वरच्या बॉक्स-रूममध्ये तुमचा पलंग, पलंगापलीकडे एक माणूस तिरका उभा राहील एवढी जागा. तुमची नात तेव्हा दोन वर्षांची. तिला बग्गीत घालून तुम्ही रोज केनेट नदी थेम्सला मिळते तिथपर्यंत चालत जायचात आणि परत आल्यावर तुमच्या सुनेला सांगायचात, “आज संगमावर पाणी चढलंय,” जणू घाटावरून आलात. ती कौतुकाने ऐकायची. मी ऐकत नसे. तुम्ही काही सांगायला लागलात की मी लॅपटॉप उघडायचो. तुम्ही डिशवॉशरमध्ये भांडी उलटी लावलीत की ती सगळी बाहेर काढून, तुमच्यासमोर, पुन्हा लावायचो. तोंडाने काही बोलत नव्हतो. तुमच्याकडूनच शिकलो होतो की आवाज चढवायची गरज नसते.

आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायची, आणि त्या वर्षी युन्नानमधल्या एका फुलांच्या निर्यातदाराचं काम आलं. कुनमिंगजवळ शीतगृहं, तिथे आमची सिस्टिम बसवायची, एप्रिलमध्ये दोन आठवडे मी जायचं. मी हे घरी तुमच्या सुनेला सांगत होतो. तुम्ही चहा पीत होतात. कप तसाच हातात राहिला.

“कुनमिंग? युन्नानमधलं?”

“हो.”

“तू जाणार?”

“हो, काम आहे.”

तुम्ही वर निघून गेलात. दुसऱ्या दिवशी बस पकडून एकटेच रीडिंगच्या लायब्ररीत गेलात आणि मग रोज जायला लागलात. मोठा ॲटलास घरी न्यायला देत नाहीत म्हणून तिथेच बसून उतरवून काढायचात. तीन आठवड्यांनी तुम्ही माझ्यापुढे एक वही ठेवलीत. चाळीस पानं. पहिल्या पानावर तुमचं ते फळ्यावरचं अक्षर: ‘युन्नान प्रांत. प्राकृतिक रचना, आर्थिक जीवन व प्रवास.’ मी उभ्या-उभ्या चाळली. तांबड्या मातीचं पठार, पूर्वेला चुनखडीचे सुळके, पश्चिमेला खोल घळया. कुनमिंग समुद्रसपाटीपासून जवळजवळ महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर, म्हणून तिथे ना कडक उन्हाळा, ना कडक थंडी. दक्षिणेला रबर, नैर्ऋत्येला चहा, मध्यभागी तंबाखू, आग्नेयेला कथील. खनिजं भरपूर पण रस्ते अवघड, म्हणून प्रांत श्रीमंत आणि माणसं गरीब, असं एक वाक्य तुम्ही अधोरेखित केलं होतं. शेवटी प्रवासाचा आराखडा: कुनमिंग, मग ताली, मग लिकियांग, आणि लिकियांगहून नदीच्या वळणापर्यंत. प्रत्येक टप्प्यापुढे किती तास, कोणत्या बाजूच्या खिडकीशी बसावं, हेसुद्धा.

“मला नेशील का रे?” तुम्ही म्हणालात. “तुझ्या कामात लुडबूड नाही करणार. तू ऑफिसला गेलास की मी हॉटेलात बसेन. फक्त ते वळण एकदा बघायचंय.”

तुम्ही कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तुमची सून लगेच म्हणाली, “अरे, ने ना! बाबांच्या ब्रिटनच्या व्हिजावर इकडे परत येता येतं, मी बघितलंय.” मी म्हणालो, “नेतो.” तेव्हा मनात काहीही नव्हतं, बाबा. खरंच नेणार होतो. रीडिंग स्टेशनवरच्या फोटो-बूथमध्ये मी तुम्हाला बसवलं; हसायचं नाही म्हटल्यावर तुम्ही श्वास धरून बसलात. फॉर्म तुम्हीच भरलात, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकही खाडाखोड न करता. ‘व्यवसाय’ या रकान्यात निवृत्त शिक्षक. ‘कुठे जाणार’ या रकान्यात तिन्ही गावं. मी सगळं बॅगेत टाकून ऑफिसला नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत, पाकिटात घालण्याआधी, एकदा वाचलं.

लिकियांग. ताली. तुमच्या शाळेच्या जुन्या ॲटलासमधली स्पेलिंग्ज. लायब्ररीतल्या नकाशात तुम्हाला नवी स्पेलिंग्ज दिसली नसतील असं नाही, पण पेन हातात आल्यावर चौतीस वर्षांची सवय लिहून गेली. आता जगभर लिजियांग लिहितात, दाली लिहितात. एवढ्या-तेवढ्याने कोणी व्हिजा अडवत नाही. मी पेनने दुरुस्त करू शकलो असतो. मी ती दोन नावं बघत बसलो आणि मला चक्क हसू आलं. तुम्ही चुकला होतात. युन्नानच्या बाबतीत, तुम्ही. मी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आणि सँडविच खाल्लं. उद्या पाठवू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्या पाठवू म्हटलं. तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं की मी पाठवणार नाही. माझा स्वतःचा व्हिजा मात्र त्याच आठवड्यात आला.

तीन आठवडे तुम्ही पत्रपेटीचा आवाज झाला की जिना उतरत होतात. मग एका संध्याकाळी मी तुमचा पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवला. “नाही झालं, बाबा.”

“का? कारण काय दिलं?”

वय, मुक्कामाचा पुरावा, काहीही सांगता आलं असतं. मी म्हणालो, “तुम्ही गावांची नावं चुकीची लिहिलीत. लिकियांग नावाचं गावच नाहीये आता. लिजियांग आहे. ताली नाही, दाली. त्यांना वाटलं, हा माणूस कुठे निघालाय हे त्यालाच माहीत नाही.”

हे शेवटचं वाक्य मी बसमध्ये तयार करून आणलं होतं.

तुम्ही खुर्चीवर बसलात. तुमच्या सुनेने “पुन्हा अर्ज करता येईल ना?” विचारलं, मी म्हणालो, “वेळ नाही, पुढच्या सोमवारी निघायचंय.” तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. मग म्हणालात, “चूक माझी.” पुन्हा म्हणालात, “माझा ॲटलास जुना होता. पण ती सबब नाही. चूक माझीच.” तुमच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. आईलाही ते कधी ऐकायला मिळाले नव्हते. मी पोळी वाढून घेतली. मला कडकडून भूक लागली होती.

पुढचे तीन दिवस तुम्ही वहीतली नावं दुरुस्त करत बसलात. खोडरबर चालेना म्हणून जुन्या नावांवर कागदाच्या पातळ पट्ट्या डिंकाने चिकटवल्यात आणि त्यांवर नवी लिहिलीत. निघायच्या सकाळी वही माझ्या हातात दिलीत. “तू तरी बघून ये. आणि नोंदी तपासून ये. चुकीचं असेल तिथे खूण कर.”

युन्नान तुम्ही लिहिलंत तसंच होतं. माती खरोखर तांबडी, आपल्या कोकणासारखी पण जास्त भडक, उतारांवर मळे असे की लाल कापडावर हिरवे टाके घातलेत. हवा तुम्ही म्हणालात तशीच. सकाळी स्वेटर, दुपारी शर्ट. काही गोष्टी तुमच्या वहीत नव्हत्या, कारण त्या नुकत्याच झाल्या होत्या. खाणींपेक्षा आता फुलांची मिजास जास्त; बाजारात गुलाबांच्या जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून माणसाच्या उंचीएवढे ढीग लावलेले, आणि बायका त्यांवरून पाय टाकत चालतायत. रस्ते अवघड राहिलेले नव्हते, डोंगर पोखरून चौपदरी नेले होते, नद्यांवर धरणांची कामं चालली होती. जुन्या गावांत घरांपेक्षा गेस्टहाउस जास्त. मी वहीत एकही खूण केली नाही. खूण करायची तर वही वाचावी लागली असती, आणि वाचली की तुमचा आवाज यायचा.

शनिवारी मी लिजियांगला गेलो, तिथून गाडी करून वळणापर्यंत. बरोबर तिथल्या ऑफिसची दुभाषी होती, पंचविशीतली हुशार मुलगी. वाटेत तिने माझ्या मांडीवरची वही मागितली. अक्षर तिला वाचता येईना, पण मधला हाताने काढलेला नकाशा बघून ती थबकली. इंग्रजीत म्हणाली, “हे कोणी काढलं? नदी नेमकी याच गावापाशी वळते. ते इथे राहिलेत?”

“नाही. माझ्या वडिलांनी काढलाय. ते कधी इथे आलेले नाहीत.”

“मग त्यांना का नाही आणलंत?”

तुम्ही त्या वेळी अर्लीमध्ये नातीला दलिया भरवत असाल. मी म्हणालो, “ते वारले. बरीच वर्षं झाली.”

वही दोन्ही हातांनी धरून तिने मला परत दिली. वळणाच्या वरच्या गच्चीवर पोचल्यावर ती मुद्दाम मागे राहिली, मला एकट्याला तिथे उभं राहता यावं म्हणून. बाबा, ते वळण तुमच्या बोटासारखंच आहे. एवढी मोठी नदी, उत्तरेकडून सरळ येते, समोर एक डोंगर, आणि ती कुठलीही घाई न करता मागे वळते. काठाला वाळवंट, विलोची झाडं, मोहरीची शेतं. पाणी हिरवट. मी तिथे तासभर होतो. मला तिथे फार बरं वाटत होतं, आणि त्याचं मोठं कारण हे होतं की तुम्ही तिथे नव्हतात.

संध्याकाळी हॉटेलातून फोन केला. तुम्ही पहिल्या रिंगला उचललात.

“वळण बघितलंस?”

“नाही हो बाबा. वेळच नाही मिळाला. काम फार आहे.”

मग तुम्ही म्हणालात, “असं होय. बरोबर आहे. काम आधी.” आणि फोन सुनेकडे दिलात.

परत आल्यावर एका रविवारी बेसिंगस्टोकहून माझा मित्र आणि त्याची बायको जेवायला आले होते. मित्राने विचारलं, “काका, तुम्ही नाही गेलात चीनला?” मी पानात श्रीखंड घेता घेता सांगितलं, “बाबांनी चाळीस पानांची वही लिहिली युन्नानवर. आणि फॉर्मवर गावाचंच नाव चुकवून घरी बसले!” सगळे हसले. तुम्हीही हसलात. आणि माझं अर्धवट राहिलं असं वाटून की काय, किस्सा तुम्हीच पुरा केलात: “जन्मभर पोरांना नकाशे शिकवले आणि एका ‘जे’ने आम्हाला लटकवलं बघा!” मित्राला ठसका लागला. तुम्ही त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवलात.

दुसऱ्या दिवशी तुमच्या सुनेला माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत तुमचा फॉर्म सापडला. पासपोर्टाबरोबर घरी आणला तो तिथेच राहिला होता. मूळ फॉर्म, दोन्ही फोटो टाचलेले, कुठलाही शिक्का नाही. स्वयंपाकघरात तिने दार लावून घेतलं.

“तू हा पाठवलाच नव्हतास.”

मी फॉर्म घ्यायला हात पुढे केला, तिने तो मागे घेतला.

“मला कारण सांग.”

मी नकाशाची गोष्ट सांगितली. सुतळी, अकरा दारं, सगळं. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, आपली बाजू कळली हिला. ती म्हणाली, “त्या वेळी तू चौदा वर्षांचा होतास, तेव्हा ते दुष्टपणे वागले. आता ते एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि तू दुष्टपणे वागलास. मला तुमच्या दोघांत फरक दिसत नाही. काल ते स्वतःवर हसत होते आणि मीही हसले. तू मलाही त्यात ओढलंस.” मग म्हणाली, “ते भारतात परत जायच्या आधी तू त्यांना सांगायचं. नाहीतर मी सांगेन.”

मे महिन्यात तुम्ही निघालात. मी आणि ती, दोघं तुम्हाला हीथ्रोला सोडायला आलो. नातीला घेऊन ती गाडी लावायला गेली, मुद्दाम, मला वेळ मिळावा म्हणून. निघताना माझ्या हाताला हात लावून तिने डोळ्यांनीच सांगितलं, ‘आता.’ आपण दोघं चेक-इनच्या रांगेत उभे होतो. तुमच्या हातात ती पट्ट्या चिकटवलेली वही होती, मी परत केलेली. तुम्ही विचारलंत, “खुणा कुठे केल्या नाहीस. सगळं बरोबर होतं म्हणू की तपासलं नाहीस म्हणू?” मी म्हणालो, “तपासायला वेळ नव्हता.” तुम्ही मान डोलावलीत. पंधरा मिनिटं होती. मी तुम्हाला सामानाच्या वजनाबद्दल सांगितलं, मुंबईला कुठल्या दाराने बाहेर यायचं ते सांगितलं, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं. मग ती आली. तुम्ही नातीच्या डोक्यावर हात ठेवलात, सुनेला म्हणालात, “फार केलंस माझं,” आणि माझ्याकडे बघून, “येतो.” आत गेल्यावर तुम्ही वळून बघितलं नाहीत. तुम्हाला ती सवय नव्हतीच.

दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. सकाळी अंघोळ करून बाहेर आलात आणि खुर्चीत बसलात, तेवढंच. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्याला शाळेतले आताचे भूगोलाचे सर भेटायला आले. तुमचेच विद्यार्थी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. ते म्हणाले, “सर इंग्लंडहून आल्यापासून महिन्यातून एकदा शाळेत यायचे. प्रत्येक वर्गावर जायचे. पाचवी ते दहावी. दारात उभे राहून सांगायचे, बाळांनो, स्पेलिंग बघत जा. माझ्या एका अक्षरामुळे माझा चीन राहिला. पोरं हसायची, तर सर म्हणायचे, हसा, पण लक्षात ठेवा.” ते पुढे म्हणाले, “एवढा मोठा माणूस, स्वतःची चूक मुलांना सांगत फिरायचा. आजकाल कोण करतं?”

मी त्यांना चहा दिला. पाचवी ते दहावी, प्रत्येक दार. हे तुम्ही मला आठवून करत होतात की विसरून, ते विचारायला आता कोणी नाही. मी ते खूप वेळा मनात उलटसुलट केलं. आठवून असेल तर तुम्ही मला काही सांगत होतात आणि मी ऐकायला नव्हतो. विसरून असेल तर तुम्ही तेच होतात, शेवटपर्यंत. शिक्षा द्यायला समोर कोणी मिळालं नाही म्हणून स्वतःला दिलीत. दोन्हींतलं कुठलं मला बरं वाटेल, तेही मला ठरवता येत नाही.

आता हे लिहायला बसण्याचं कारण. तुमची नात मोठी झाली आहे, युनिव्हर्सिटीत भूगोल घेतलाय तिने, मी काही सुचवलं नव्हतं. परवा घरी आली होती तेव्हा आईला तिच्या इकडच्या मोडक्या मराठीत विचारत होती, “आजोबाला कळला होता का, बाबाने काय केला ते?” तिच्या आईने तिला कधीतरी सगळं सांगितलंय. मी हॉलमध्ये होतो, त्या स्वयंपाकघरात.

“कळलं होतं,” तुमची सून म्हणाली. “तुझ्या बाबाने एअरपोर्टवर स्वतः सांगितलं त्यांना.”

“मग? राग नाही आला आजोबाला?”

“नाही. तुझ्या बाबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे. मीही तुझं वाईट केलं होतं. फार मोठ्या मनाचे होते गं.”

हे तिला मी सांगितलं होतं. हीथ्रोहून परत येताना, एम-फोर हायवेवर, तिने विचारलं, “सांगितलंस?” आणि मी म्हटलं, “सांगितलं.” “काय म्हणाले?” तेव्हा मला काहीतरी म्हणावं लागलं. मी तुमचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि ते वाक्य तुमच्या तोंडी घातलं. ती गाडीत रडली. तिने मला त्या दिवशी माफ केलं, आणि आमचं घर गेली एवढी वर्षं त्या माफीवर उभं आहे.

हे पत्र ती वाचेल अशा ठिकाणी ठेवणार नाही. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि तिला दाखवायची माझी हिंमत नाही. तुमची क्षमाही मागत नाही. ती मी तुमच्या वतीने कधीच घेऊन टाकली आहे. एवढंच कबूल करतो की अलीकडे मला ते ‘असू दे’ अगदी तुमच्या आवाजात ऐकू येतं, आणि ते तुम्ही म्हणाला नव्हतात याची मी स्वतःला आठवण करून देत नाही.